विमानाच्या घरातला दिवा

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते उद्घाटन झाले. अलायन्स एअरचे एटीआर ७२ जातीचे विमान मुंबईहून येऊन तेथे उतरले आणि वऱ्हाडातील या जुन्या व्यापारी शहराची कित्येक वर्षांची प्रतीक्षा संपली. मुंबईला जाण्यासाठी रात्रभर रेल्वेत काढणाऱ्या व्यापाऱ्याला या सेवेचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही. परंतु मोठ्यांच्या मनात तिकिटाचा आणि वेळेचा हिशोब सुरू असताना मुलांच्या मनात वेगळेच प्रश्न असतात. विमान पाहून घरी आलेले मूल प्रथम कागदाचे विमान करते आणि मग हमखास विचारते, ‘विमान रात्री झोपते कुठे?’

या प्रश्नाचे उत्तर आहे हँगर. मूळ फ्रेंच असलेला हा शब्द जगभर विमानाच्या घरासाठी रूढ झाला आहे. विमान आकाशात असते तेव्हा सर्वांच्या नजरा त्याच्याकडे लागतात. त्याला उडण्यायोग्य ठेवणारे काम मात्र या घरात, पुष्कळदा रात्री, दिव्यांच्या प्रकाशात चालते. प्रतिकृती करण्याचा छंद असलेली मुले विमाने पुष्कळ करतात, विमानाचे घर क्वचितच करतात. वास्तविक हे घर प्रमाणशीर बांधणे आणि त्यात दिवे लावणे हा व्यापारी कुटुंबाला अतिशय साजेसा छंद आहे. त्यात हिशोब आहे, काटकसर आहे, हातांना वळण आहे आणि जैन घरात लहानपणापासून कानावर पडणाऱ्या जयणेचा प्रत्यक्ष अभ्यासही आहे.

प्रतिकृतीची परंपरा

‘असले खेळणे करून मिळणार काय?’ हा प्रश्न व्यापारी घरात लगेच उमटतो. त्याचे एक उत्तर अजमेरला आहे. तेथील सोनीजींच्या नसियांमध्ये, म्हणजे शेठ मूलचंद सोनी यांच्या घराण्याने उभारलेल्या दिगंबर जैन मंदिरात, सुवर्णनगरी नावाचे दालन आहे. भगवान ऋषभदेवांच्या पंचकल्याणकांचे प्रसंग दाखवणारी, सोन्याचा मुलामा दिलेली अयोध्येची प्रतिकृती तेथे मांडलेली आहे आणि छतापासून देवांची विमाने अधांतरी टांगलेली आहेत. ही रचना जयपूरच्या कारागिरांनी घडवली. तिला सुमारे २५ वर्षे लागली आणि १८९५ मध्ये ती मंदिरात मांडली गेली. हस्तिनापूर येथील जंबूद्वीपाची रचनाही याच जातीची. शास्त्रात वाचलेले डोळ्यांना दिसावे, मोठे ते लहान करून समजून घ्यावे, हा या साऱ्यामागील हेतू आहे. सावकारी आणि व्यापार करणाऱ्या घराण्याने एका प्रतिकृतीसाठी पाव शतक धीर धरला, ही गोष्ट खेळणे म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही.

जिनिंगच्या शेडकडून हँगरकडे

हँगर समजून घेण्यासाठी अमरावती-अकोल्याच्या मुलांना दूर जाण्याचे कारण नाही. या दोन्ही जिल्ह्यांतील कापसाच्या गावांत जिनिंग-प्रेसिंगचे जुने कारखाने आहेत आणि त्यांतील कित्येकांशी जैन व्यापारी घराण्यांचा पिढ्यान्पिढ्यांचा संबंध आहे. अशा एखाद्या शेडमध्ये उभे राहून वर पाहावे. डोक्यावर नालीदार पत्रा, त्याखाली त्रिकोणांनी विणलेल्या लोखंडी किंवा सागवानी कैच्या, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मधे एकही खांब नाही. कापसाचे ढीग आणि गाड्या यांना मधला खांब अडतो, म्हणून ही रचना. विमानाच्या पंखांनाही मधला खांब अडतो, म्हणून हँगरची रचनाही तीच. दोन्ही ठिकाणी इमारतीचे खरे काम कैची करते.

कैचीत त्रिकोण का असतात, हे मुलाला चार काड्यांनी दाखवता येते. चार काड्यांचा चौकोन टोकांना टाचण्या लावून जोडला तर बोटाच्या दाबाने तो तिरपा होतो. त्यात एक काडी कर्णासारखी बसवली की तो हलत नाही, कारण काड्यांची लांबी बदलल्याशिवाय त्रिकोणाचा आकार बदलू शकत नाही. छपराचे वजन या त्रिकोणांतून वाहत भिंतींवरच्या खांबांपर्यंत पोहोचते. एवढे उमगले की पुढचे बांधकाम पाठांतराने करावे लागत नाही.

आधी हिशोब, मग कात्री

प्रतिकृतीचे पहिले साहित्य म्हणजे कागद, पेन्सिल आणि प्रमाण. विमानांच्या प्रतिकृतींसाठी १:७२ हे प्रमाण जगभर फार प्रचलित आहे. यात सहा फूट एका इंचात बसतात, म्हणजे सहा फूट उंचीचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, अमेरिकेच्या नौदलाने तेथील शाळकरी मुलांकडून याच प्रमाणातील पाच लाख लाकडी विमाने करून मागितली होती. सैनिकांना निरनिराळी विमाने दुरूनच ओळखता यावीत, हा त्यामागील हेतू होता. इतक्या मुलांनी वेगवेगळ्या गावांत केलेली कामे एकमेकांशी जुळली, ती सर्वांचे माप एक होते म्हणूनच.

बेलोऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून हा हिशोब मांडता येतो. या विमानतळावर वैमानिकांचे प्रशिक्षण केंद्र उभारण्याचे एअर इंडियाने जाहीर केले असून त्यासाठी ३४ प्रशिक्षण विमानांची मागणी नोंदवली आहे. त्यांपैकी ३१ विमाने पायपर कंपनीची एका इंजिनाची, तर ३ डायमंड कंपनीची दोन इंजिनांची आहेत. पायपरच्या या विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे १०.८ मीटर. त्याला ७२ ने भागले की १५ सेंटिमीटर येतात. लांबी सुमारे ७.३ मीटर, म्हणजे प्रतिकृतीत १० सेंटिमीटरांहून किंचित अधिक. शाळेच्या पट्टीवर मावणारे हे विमान घरच्या घरी पुठ्ठ्यातून किंवा हलक्या लाकडातून कापता येते.

आता त्याचे घर. रुंदी ५० सेंटिमीटर, खोली ४० सेंटिमीटर आणि भिंतीची उंची १० सेंटिमीटर धरली, तर खऱ्या मापात ती अनुक्रमे ३६ मीटर, २८.८ मीटर आणि ७.२ मीटर भरते. पायपरसाठी ही जागा ऐसपैस आहे. पण मुलाने हट्ट धरला की मुंबईहून येणारे एटीआर ७२ देखील आत उभे राहिले पाहिजे, तर? त्या विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे २७.०५ मीटर, लांबी २७.१७ मीटर आणि शेपटीची उंची ७.६५ मीटर. ७२ ने भागले की ३७.६, ३७.७ आणि १०.६ सेंटिमीटर. दरवाजा ४० सेंटिमीटर रुंद ठेवला तर पंख आत जातात. दोन्ही बाजूंना प्रत्येकी १.२ सेंटिमीटर, म्हणजे खऱ्या मापात ८६ सेंटिमीटर जागा उरते. लांबीही जेमतेम मावते. शेपटी मात्र अडते, कारण भिंत १० सेंटिमीटरांची आणि शेपटी १०.६ ची.

ही चूक कागदावरच सापडली तर खोडरबराने दुरुस्त होते. पुठ्ठा कापल्यावर सापडली तर पुठ्ठा वाया जातो. प्रत्यक्ष इमारत उभी राहिल्यावर सापडली तर तिची किंमत कोटींत मोजावी लागते. म्हणून भिंत १२.५ सेंटिमीटरांची, म्हणजे खऱ्या ९ मीटरची करावी, दरवाजा ११.५ सेंटिमीटर उंच ठेवावा आणि छपराचा कळस १७.५ सेंटिमीटरांवर न्यावा. ‘आधी लिहावे, मग द्यावे’ हा पेढीवरचा धडा मुलाला इथे कोणी न शिकवता मिळतो.

प्रमाणाची आणखी एक गंमत आहे. लांबी ७२ पट लहान होते तेव्हा जमिनीचे क्षेत्रफळ ५,१८४ पट लहान होते आणि आतील जागेचे घनफळ ३,७३,२४८ पट. सहावी-सातवीत पाठ केलेले वर्ग आणि घन येथे मेजावर उभे राहतात.

साहित्यातील विवेक

सांगाड्यासाठी जाड माउंट बोर्ड आणि बांबूच्या बारीक काड्या पुरतात. उदबत्तीची काडी साधारण सव्वा मिलिमीटर जाडीची असते. ७२ ने गुणले तर ९ सेंटिमीटर येतात आणि खऱ्या कैचीतील लोखंडी अँगलही साधारण तेवढ्याच मापाचा शोभतो. ४० सेंटिमीटर खोलीत दर ५ सेंटिमीटरांवर एक अशा दोन्ही टोके धरून नऊ कैच्या लागतात. त्या सर्व सारख्या होण्यासाठी कैचीचे एकच चित्र कागदावर पूर्ण मापात काढावे, त्यावर पारदर्शक प्लास्टिक पसरावे आणि प्रत्येक कैची त्याच चित्रावर ठेवून चिकटवावी. डोळ्यांच्या अंदाजाने नऊ कैच्या केल्या तर छप्पर लाटेसारखे होते.

छपराच्या पत्र्यासाठी दुकानातील खोक्याचा नालीदार पुठ्ठा घ्यावा, असे सहज मनात येते. पण त्याच्या दोन नाल्यांतील अंतर सहा-सात मिलिमीटर असते, खऱ्या मापात जवळजवळ अर्धा मीटर. असा पत्रा जगात नाही. बाजारातील सिमेंटच्या नव्हे, लोखंडी नालीदार पत्र्यात हे अंतर साधारण ७६ मिलिमीटर असते, म्हणजे प्रतिकृतीत एक मिलिमीटर. ६ मिलिमीटर जाडीच्या नेहमीच्या आटेदार सळईच्या दोन आट्यांतील अंतरही एक मिलिमीटरच असते. जेवणाच्या डब्यांसाठी मिळणारी जाड ॲल्युमिनियमची पन्नी रबराच्या तुकड्यावर पसरावी आणि ही सळई न फिरवता पट्टीच्या कडेने हलक्या दाबाने ओढावी. सरळ, समांतर नाल्या उमटतात. हार्डवेअरच्या दुकानातील काही रुपयांची सळई महागड्या तयार पत्र्याचे काम करते.

साहित्य निवडताना जैन घरात आणखी एक चाळणी लागते आणि ती मुलाला आवर्जून समजावून सांगावी. सुतारकामातील पारंपरिक सरस जनावरांच्या कातड्यापासून व हाडांपासून बनतो. लाकडाला चकाकी देणारे लाखेचे पॉलिश लाखेच्या किड्यांपासून मिळते. चित्रकलेचे कित्येक ब्रश प्राण्यांच्या केसांचे असतात. या प्रत्येकाला पर्याय आहे. सरसाऐवजी कृत्रिम रेझिनचा पांढरा डिंक, लाखेऐवजी पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक, केसांच्या ब्रशऐवजी नायलॉनचा. कामात यामुळे काही उणे पडत नाही. बाटलीवरची आणि वेष्टणावरची बारीक अक्षरे वाचून मगच वस्तू घ्यायची, ही सवय मात्र जन्माची लागते.

प्रकाश कोणासाठी?

सांगाडा उभा राहिला की या छंदाचा खरा आनंद सुरू होतो. तो दिव्यांचा. यासाठी तीन मिलिमीटरचे पांढरे एलईडी पुरेसे असतात. अशा प्रत्येक दिव्याला साधारण ३ व्होल्ट लागतात आणि १० मिलिअँपिअर प्रवाहात तो उत्तम उजळतो. १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर तीन दिवे एकामागे एक जोडले की त्यांत ९ व्होल्ट खर्च होतात. उरलेले ३ व्होल्ट अडवण्यासाठी रोधक घालावा लागतो. ३ भागिले ०.०१ म्हणजे ३०० ओहम, आणि बाजारात सहज मिळणारा त्याच्या वरचा रोधक ३३० ओहमचा. अशा चार माळा केल्या की बारा दिवे होतात. दिव्याचा लांब पाय धन बाजूला, आखूड पाय ऋण बाजूला. एक दिवा उलटा लागला तर त्या माळेतील तिन्ही विझलेले राहतात. घराच्या २३० व्होल्टच्या विजेला तारा थेट कधीही जोडू नयेत, आणि डाग देण्याचे काम घरातील मोठ्या माणसाने जवळ बसून करवून घ्यावे.

या बारा दिव्यांना मिळून अर्ध्या वॅटहूनही कमी वीज लागते. रोज दोन तास याप्रमाणे महिनाभर लावले, तरी ॲडॉप्टरमधील घट सोडता एका युनिटचा सुमारे चाळिसावा हिस्सा खर्च होतो. घरातील आजोबांची हरकत इथे संपते.

दिवे लागले की प्रतिकृतीचे दोष उघडे पडतात. पुठ्ठ्यातून उजेड झिरपतो आणि भिंत कंदिलासारखी चमकू लागते. त्यासाठी भिंती व छप्पर आतून प्रथम काळ्या रंगाने झाकावे आणि वाळल्यावर त्यावर पांढरा किंवा चंदेरी रंग द्यावा. सांध्यांतून येणाऱ्या उजेडाच्या रेघा काळ्या कागदाच्या पट्ट्यांनी बुजवाव्यात. नवशिक्याची आणखी एक चूक म्हणजे अतिप्रकाश. दिवे लहान असले तरी त्यांची तीव्रता ७२ पट लहान होत नाही. डोळे दिपत असतील तर ३३० ऐवजी १००० ओहमचा रोधक घालावा आणि दिव्याखाली बटर पेपरचा तुकडा चिकटवावा. जुन्या काळाचे हँगर असेल तर पिवळसर प्रकाशाचे दिवे घ्यावेत, आजचे असेल तर शुभ्र.

यानंतर विचार करायला लावणारा टप्पा येतो. सर्व दिवे छपराला टांगले की मध्यभाग झगझगीत होतो, विमानाची पाठ चकाकते आणि पंखाखाली मात्र काळोख राहतो. छायाचित्र छान दिसते, पण यंत्रज्ञ काम करतो तो पंखाखाली. चाके, ब्रेक, इंजिनाचे खालचे झाकण, सारे त्या काळोखातच असते. म्हणून काही दिवे बाजूच्या भिंतींवर, खालच्या उंचीवर लावावेत आणि जमीन फिक्या राखाडी, किंचित चकचकीत रंगाची करावी. खऱ्या हँगरची जमीनही पुष्कळदा अशीच असते. वरचा उजेड जमिनीवर पडून पंखाच्या पोटाशी परततो आणि खाली पडलेला एखादा स्क्रूही चटकन दिसतो. विमानाच्या पंखांवरील तांबडा व हिरवा दिवा मात्र विझलेलाच ठेवावा. डाव्या पंखावरचा तांबडा, उजव्यावरचा हिरवा आणि शेपटीचा पांढरा हे दिवे प्रवासासाठी असतात. घरात विसावलेल्या, वीज बंद केलेल्या विमानावर ते पेटत नाहीत.

प्रकाश पाहणाऱ्यासाठी लावायचा की काम करणाऱ्यासाठी, हा प्रश्न ज्या मुलाने एकदा स्वतःच्या हातांनी सोडवला, त्याला दुकान, गोदाम किंवा कारखाना पाहताना नोकराच्या डोळ्यांवर पडणारा ताणही दिसू लागतो.

पावसाळ्यात वऱ्हाडात दिव्याभोवती किड्यांची झुंबड उडते. एलईडी फारसा तापत नाही, पिवळसर प्रकाशाकडे किडे तुलनेने कमी ओढले जातात, तरीही प्रतिकृती काचेच्या पेटीत ठेवावी आणि पाहून झाले की दिवा मालवावा. जयणा म्हणजे हेच.

आदान-निक्षेपण

साधूंच्या पाच समित्यांपैकी चौथी समिती आदान-निक्षेपणाची आहे. कोणतीही वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून, जपून, जीवांना इजा होणार नाही अशा रीतीने उचलावी व ठेवावी, असा तिचा अर्थ. गृहस्थाला ती पूर्णपणे साधत नाही, परंतु तिचे वळण लावून घेता येते. हँगरमधील शिस्त पाहिली म्हणजे हे वळण व्यवहारात किती मोलाचे आहे ते कळते. तेथे प्रत्येक हत्यारासाठी फलकावर त्याच्या आकाराची जागा आखलेली असते. काम संपल्यावर फलकावरची एखादी आकृती रिकामी दिसली तर हत्यार सापडेपर्यंत विमान बाहेर काढत नाहीत, कारण इंजिनात राहिलेला एक पाना प्रवाशांच्या जिवावर बेतू शकतो. दुरुस्तीनंतर परवानाधारक अभियंत्याने सही केल्याशिवाय विमान उड्डाणासाठी मोकळे होत नाही.

जुन्या पेढीवर दिवाबत्तीनंतर रोजमेळ लागायचा. चार आण्यांचा फरक पडला तरी तो सापडेपर्यंत दुकानाची फळी लागत नसे. हँगरमधील रात्र आणि पेढीवरची रात्र या दृष्टीने सख्ख्या बहिणी आहेत. दिवसाचा पराक्रम रात्री दिव्याखाली तपासला जातो. प्रतिकृतीत म्हणूनच एका भिंतीवर हत्यारांचा फलक अवश्य करावा. १:७२ मध्ये पाना म्हणजे दोन-तीन मिलिमीटरांची रेघ. ती काढताना हात आणि श्वास दोन्ही स्थिर ठेवावे लागतात. कामाच्या बैठकीलाही मर्यादा घालावी. एका मुहूर्ताएवढा, ४८ मिनिटांचा वेळ मुलाला पुरतो. सामायिकाची सवय असलेल्या घरात तेवढा वेळ एका जागी बसणे अवघड वाटत नाही, आणि सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपलेल्या घरात संध्याकाळ मोकळीच असते.

सोलापूरच्या व्यापाऱ्याचे हँगर

या विषयात जैन व्यापारी कुटुंबांनी ज्यांचे स्मरण ठेवलेच पाहिजे असे नाव म्हणजे वालचंद हिराचंद. १८८२ मध्ये सोलापूरच्या दिगंबर जैन व्यापारी घराण्यात त्यांचा जन्म झाला. घरात सावकारी आणि कापसाचा व्यापार. त्यातून बाहेर पडून त्यांनी बांधकाम, जहाज आणि साखर या उद्योगांत पाय रोवले. १९३९ मध्ये एका विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन व्यावसायिकाशी गाठ पडली आणि हिंदुस्थानात विमाने बांधण्याची कल्पना आकाराला आली. म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीने २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. संस्थानाने जमीन व भांडवल दिले, आणि १९४१ च्या ऑगस्टमध्ये हार्लो जातीचे पहिले प्रशिक्षण विमान तेथून उडाले.

पुढे युद्ध पूर्वेकडून जवळ आले. १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला आणि कारखान्याची सूत्रे हाती घेतली. १९४३ पासून तो अमेरिकन हवाई दलाच्या कामाला जुंपला गेला. नवी विमाने बांधण्यासाठी उभारलेली हँगरे दिवसरात्र दुरुस्तीत गुंतली. वालचंदांचे विमाने बांधण्याचे स्वप्न त्यांच्या हातून निसटले, यात शंका नाही. तथापि त्या शेडमध्ये यंत्रज्ञांचे जे हात तयार झाले, ते देशाला उरले. स्वातंत्र्यानंतर १९६४ मध्ये याच परंपरेतून आजची हिंदुस्तान एरोनॉटिक्स ही संस्था साकारली. भांडवल परत गेले, नाव बदलले, पण शिकलेले हात बुडीत खात्यात गेले नाहीत. व्यापाऱ्याच्या वहीत ही नोंद कोणत्या खात्यावर करावी, याचा विचार आजही उपयोगी आहे.

दोन शहरे, दोन प्रतिकृती

आज वऱ्हाडातील व्यापारी घरांतून मुले पुण्या-बंगळुरूला जातात आणि बहुतेक तिथेच राहतात. दुकानात बसायचे नाही हे त्यांनी ठरवलेले असते. काय करायचे ते मात्र गुणांच्या टक्केवारीने ठरते. हातांनी काम करण्याची आवड असलेले मूल या हिशोबात बसत नाही आणि ‘अभ्यासात लक्ष नाही’ या शेऱ्याखाली त्याची आवड विझते. बेलोऱ्याचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाल्यावर वैमानिकाच्या गणवेशाचे कौतुक घरोघरी होईल. परंतु ३४ विमानांना उडते ठेवायचे तर हँगरमध्ये रात्री काम करणारी माणसे लागतात. बारावीपर्यंत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेतलेल्या विद्यार्थ्याला विमान देखभाल अभियंत्याच्या शिक्षणाची वाट खुली असते. त्या वाटेची ओळख पुठ्ठ्याच्या एका शेडमधून झाली, तर तो छंद वाया गेला असे कोण म्हणेल?

अकोल्याची गोष्ट थोडी निराळी आहे. शहराला लागून असलेली शिवणीची धावपट्टी १९४३ सालची, म्हणजे बेलोऱ्याहून कितीतरी जुनी. तिच्या विस्ताराची मागणी वर्षानुवर्षे होत आली आहे आणि नियमित प्रवासी विमान तेथे अद्याप उतरत नाही. अमरावतीच्या मुलाने डोळ्यांनी पाहिलेल्या विमानासाठी घर बांधावे, तर अकोल्याच्या मुलाने अजून न आलेल्या विमानासाठी. प्रत्येक मोठी इमारत आधी कोणाच्या तरी मेजावर लहान आकारात उभी राहिलेली असते. शिवणीची धावपट्टी, तिच्या कडेला एक हँगर, आत एक पायपर आणि वर बारा दिवे, एवढे मेजावर मांडायला कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

दिवाळीला महाराष्ट्रातील मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. जैन घरात तोच दिवस भगवान महावीरांच्या निर्वाणाचा. ज्ञानाचा प्रकाश गेला म्हणून दिव्यांचा प्रकाश करावा, अशा भावनेने त्या रात्री प्रथम दीप उजळले गेले, असे परंपरा सांगते. किल्ल्याशेजारी यंदा एक हँगरही असावे. चोपडापूजन आटोपल्यावर घरातील दिवे क्षणभर मालवावेत आणि मुलाने आपल्या हाताने त्या लहानशा घराचा दिवा लावावा. पंखाखाली उजेड पोहोचला की नाही, ते आजोबांनी चष्मा लावून, वाकून पाहावे.